हाताखालचा पत्रा

१

लुदिंग नवस बोलली तेव्हा ती अनवाणी होती आणि आंजेलेस शहरातल्या त्या देवळात शुक्रवारची रेटारेटी चालली होती. काचेच्या पेटीत निजलेल्या ख्रिस्ताला तिथले लोक आपू म्हणतात, घरातल्या थोरल्या माणसाला म्हणावं तसं. पेटीपाशी पोचल्यावर तिनं रुमालानं आपूचा उजवा हात पुसला आणि पुटपुटली, "आपू, माझ्या नवऱ्याचा हात असाच निजलाय. तुला निजायची सवय आहे, त्याला नाही. त्याचा तेवढा उठव. जिवात जीव असेतो दर शुक्रवारी अनवाणी येईन. गोडाला तोंड लावणार नाही."

बेकरीवाल्याच्या बायकोनं गोड सोडायचं म्हणजे कोळिणीनं मासळी सोडण्यासारखं. पण तिनं सोडलं.

तिच्या नवऱ्यानं, अन्सेल्मोनं, उभा जन्म मैदा मळण्यात घालवला होता. एका पहाटे भट्टीसमोर पावांचा ट्रे त्याच्या हातून सुटला आणि उजवं अंग गेलं. पुढे जीभ परत आली, पायही आला. हात आला नाही. ताटाशेजारी तो ओल्या फडक्यासारखा पडून असायचा. बेकरीला कुलूप लागलं. लुदिंग भरवायला गेली की अन्सेल्मो मान फिरवायचा.

"मी काय कोंबडीचं पिल्लू आहे?"

त्या सुमारास पुरिंगचे मामा वारले. पुरिंग म्हणजे लुदिंगची कुमारे, मुलाच्या बाप्तिस्म्याची धर्ममाता. मुलगा दुबईला गेला, पण कुमारे-कुमपारेचं नातं राहिलं. तिचे फर्मिनमामा पत्राकाम करायचे. सडाफटिंग माणूस. मयताच्या जागरणाला अन्सेल्मो एकटाच गेला, कारण लुदिंगला ताप होता. तिथं परसातल्या खोपटात त्यानं ती गाडी पाहिली. बसक्या नाकाची, दोन माणसांची, वरून उघडी, अर्धा रंग खरवडलेली. पोरवयात तो सायकलवर पावांची टोपली घेऊन जायचा, तेव्हा विमानतळावरच्या कुठल्याशा साहेबाचा मुलगा असलीच लाल गाडी उडवत जायचा आणि अन्सेल्मो धूळ खात बाजूला उभा राहायचा. तो त्या खोपटात उभा राहिला तो तासभर हललाच नाही.

"घेऊन जा, कुमपारे," पुरिंग म्हणाली. "नाहीतर आमच्या कोंबड्या त्यात अंडी घालतील."

गाडी घरी आली आणि त्याच आठवड्यात अन्सेल्मोची करंगळी हलली. मग बाकीची बोटं. लुदिंग पदपथावरच्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी देवळात गेली आणि पेटीपाशी इतकी रडली, की मागच्या बाईनं तिला आपला रुमाल दिला.

२

घराच्या कुशीला पत्र्याची शेड होती. पूर्वी तिथं मैद्याची पोती असायची, आता गाडी आली. सकाळी कॉफीत पाव बुडवून खाल्ला की अन्सेल्मो शेडमध्ये. गंज खरवडायचा, पत्रा ठोकायचा, पुट्टी भरायची, ती वाळली की घासायची. दाराच्या पोकळीत त्यानं हात घातला तेव्हा करडी राख भसाभसा खाली आली. ज्वालामुखी फुटला होता त्या वर्षीची. लुदिंगनं ती सुपात भरून केळीच्या बुंध्याशी टाकली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला फक्त त्याची पाठ दिसायची आणि आवाज ऐकू यायचा. खस्स, खस्स, खस्स. तिला वाटे, देवळातल्या घंटेपेक्षा हाच आवाज गोड. ती तांदूळ निवडता निवडता त्या आवाजावर जपमाळ ओढायची.

एकदा ती त्याला लिंबाचं सरबत द्यायला गेली, तेव्हा बाकावर पॉलिश पेपरच्या घड्या दिसल्या. प्रत्येक कागद तीन पदरी दुमडलेला, कडेला कड लावून. एकावर एक, पोळ्यांच्या चवडीसारखे.

ती बघतच राहिली. या माणसानं आजवर एका फडक्याची घडी घातली नव्हती. बेकरीतला एप्रन तो बोळा करून कोपऱ्यात फेकायचा आणि ती रोज तोंडानं पट्टा चालवत तो उचलायची.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"काय?"

"घड्या."

त्यानं बाकाकडे पाहिलं. जणू कुणी दुसऱ्यानंच त्या तिथं ठेवल्या होत्या.

"कुणी नाही. हाताला असं बरं वाटतं."

"मग हाताला म्हणावं, एप्रनचीपण घाल."

तो हसला. तीही हसली. पण परत आल्यावर तिच्या हातातलं रिकामं भांडं ओट्यावर जरा जोरातच आपटलं.

३

लुदिंग भाबडी नव्हती. नवस करणारी बाई देवाशी व्यवहार करते, ती भाबडी कशी असेल? तिनं मनाशी हिशोब मांडला. हात इतके महिने निजला होता, उठल्यावर तो जरा वेगळा वागणारच. लांबून परत आलेलं माणूसही काही दिवस परकं वाटतं. तिचा मुलगा दुबईहून आला तेव्हा पहिल्या दिवशी भातच खायचा नाही म्हणाला होता.

मग जेवताना तो हात टेबलावर बोटाच्या गाठीनं ठोकू लागला. टक, टक. आणि अन्सेल्मो मान तिरपी करून ऐकायचा, नारळवाला नारळ वाजवून ऐकतो तसा.

"भात कमी आहे का?"

"अं? नाही."

एका दुपारी पंखा लावून दोघं आडवी झाली होती. ती कुशीवर होती, पाठ त्याच्याकडे. त्याचा हात तिच्या पाठीवर आला. किती महिन्यांनी! तिनं डोळे मिटले. पण हात थांबला नाही. तळवा सपाट ठेवून तो मानेपासून कमरेपर्यंत एका सरळ रेषेत गेला, सावकाश. परत वर आला आणि बोटभर सरकून पुन्हा खाली. खांद्याच्या हाडापाशी तो थबकला, तीच जागा दोनदा चाचपली आणि पुढं गेला. मायेचा हात नव्हता तो. उंचसखल शोधणारा हात होता.

"सेल्मो," ती हळूच म्हणाली.

तो घोरत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं चिंचेच्या आमटीला फोडणी दिली... खरं तर त्या आमटीला फोडणी नसतेच, पण तिचं लक्ष कुठं होतं? शेडमधून खस्स, खस्स चाललं होतं. तिनं खिडकीतून हाक मारली, "ये रे, जेवायला!"

"अंगाला साबण लागलाय," आवाज आला. "आलोच."

तो न्हाणीतून बोलत होता. न्हाणी घराच्या दुसऱ्या टोकाला.

शेडमध्ये आणखी एकदा खस्स झालं. मग थांबलं, ऐकत असल्यासारखं.

नारळाची झावळी पत्र्यावर घासत असणार, तिनं स्वतःला सांगितलं. आणि बाहेर जाऊन बघितलं. झावळी निश्चल लटकली होती. कोंबडासुद्धा उन्हाला भिऊन पिंपाच्या सावलीत बसला होता.

४

अन्सेल्मोला गाडी होती तशी करायची होती. तो म्हणायचा, "मला काही नवं नको. त्या पोराची होती तश्शीच. लाल." लाल रंगाचा डबा त्यानं पहिल्याच महिन्यात आणून फळीवर ठेवला होता.

तो डबा कधी फुटलाच नाही. दिवाळीसारखे कंदील लावायचा त्यांचा नाताळाचा मोसम जवळ आला, तेव्हा गाडीचं नाक आणखी खाली बसलं होतं, मागची मडगार्डं रुंद होऊन चाकांवर झुकली होती आणि दिव्यांवर पत्र्याच्या पापण्या आल्या होत्या. रंग हिरवा लागला होता. इतका गर्द, की सावलीत काळाच वाटायचा.

लुदिंग दारात उभी राहून म्हणाली, "ही ती गाडी नाही."

"नाही," अन्सेल्मो म्हणाला. तो उकिडवा बसला होता. "मी रोज ठरवून येतो, लाल. लुदिंग, मी खडूनं मडगार्डाची जुनी रेघ मारतो आणि हात ती पुसून दुसरी मारतो. आणि दुसरी चांगली असते गं. तीच तर गोष्ट आहे. माझ्यापेक्षा चांगली असते."

"मग थोडे दिवस राहू दे."

त्यानं ऐकलं. शेडला साखळी लागली. पहिला दिवस बरा गेला. मग सकाळी कपाचा कान त्याच्या बोटांतून निसटला. पुढं चमचा निसटला, आणि आठवडा सरायच्या आत हात पुन्हा ताटाशेजारी पडून राहिला. ओलं फडकं. अन्सेल्मो त्याच्याकडे बघत बसायचा. भरवलं तर आता मानसुद्धा फिरवायचा नाही. हे तिला जास्त लागलं.

"मला बाहेर जाऊ दे," तो एका सकाळी म्हणाला. पोरानं खेळायला जाऊ का विचारावं तसं.

तिनंच साखळी काढली. दुपारपर्यंत खस्स, खस्स सुरू झालं होतं. आणि जेवायला बसल्यावर टेबलावर टक, टक झालं तेव्हा लुदिंगनं वर पाहिलं.

उजव्या हातात चमचा होता. ठोकत होता तो डावा.

५

त्या शुक्रवारी देवळातून येताना ती पुरिंगला घरी घेऊन आली. पुरिंग आली ती बडबडतच.

"पायाला फोड आलेत बघ तुझ्या. आपूला म्हणावं, नवस फेडून घे पण चपला तरी पाठव. आणि कुठाय आमचा शर्यतीवाला? मामांची गाडी मला एकदा दाखव तरी. मामा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. जन्मभर तेच. करायचे, मोडायचे, परत करायचे. बायको नाही, देव नाही, ती गाडी तेवढी. मी म्हणायची, मामा, पुरी कधी होणार? तर म्हणायचे, पुरी झाली की मग मी काय करू?"

ती खिडकीशी गेली. अन्सेल्मो शेडमध्ये पाठमोरा होता. त्यानं दारावरून तळवा फिरवला, बोटांची टोकं अंगठ्यावर चोळली, त्यांवर फुंकर मारली आणि तळहात पँटीला न पुसता कोपरापाशी पुसला.

पुरिंगची बडबड तुटली. "मामा अगदी असंच पुसायचे."

"कुमारे," ती लुदिंगकडे वळून म्हणाली, "त्या दिवशी आमच्याकडून निघाल्यावर कुमपारे वाटेत कुठं थांबला होता ना?"

जागरणाहून कुणी थेट घरी येत नाही. कुठंतरी बसतात, घोटभर काही पितात, मागं लागलेलं तिथं झटकतात, मग घर. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लुदिंगनं अन्सेल्मोला हाक मारली. तो हात पुसत आला. कोपराला.

"थांबलो होतो की!" तो दुखावल्यासारखा म्हणाला. "पुलाजवळच्या खानावळीत. शेवयांचं सूप घेतलं, अर्धं टाकलं. मला काय रीत कळत नाही?"

"आणि गाडी?" पुरिंगनं विचारलं.

"गाडी काय?"

"गाडी थांबली होती?"

अन्सेल्मोनं शेडकडे पाहिलं.

"ती जीपला दोर बांधून आणली. जीपवाल्याला घाई होती. तो पुढं आला." त्यानं लुदिंगकडे पाहिलं. "तूच फाटक उघडलंस."

तिनंच उघडलं होतं. अंगात ताप होता, तरी हसतमुखानं. आणि म्हणालीही होती, या, या, आत या.

६

पुरिंग गेल्यावर लुदिंग शेडमध्ये गेली. अन्सेल्मो दार चमकवत होता. हिरव्या रंगात आता आरशासारखं दिसत होतं, पत्र्याचं छप्पर, केळ, ती स्वतः. आणि कापसाचा बोळा धरलेला त्याचा हात, गोल गोल फिरणारा.

तिला आधी वाटलं, उन्हानं डोळे दिपलेत. ती जवळ वाकली. हात गोल फिरत होता आणि रंगातला हातही गोल फिरत होता. पण बरोबरीनं नाही. रंगातला आधी वळायचा. अन्सेल्मोचा त्याच्या मागून. किंचित. पाटीवर पोरीचा हात धरून अक्षर गिरवून घेताना पोरीचा हात जसा ओढला जातो, तसा.

ती सरळ झाली. पदर नसतो तिथं, पण तिनं झग्याचा गळा मुठीत धरला.

"सेल्मो, आज हिला बाहेर काढ. पुलाजवळ जाऊन येऊ."

त्याला कळलं. बोळा थांबला.

"आणि हात गेला तर?"

"मी भरवीन."

"कोंबडीचं पिल्लू?"

"पिल्लू कुठलं. म्हातारा कोंबडा."

तो हसला नाही. "लुदिंग, हात गेला तर मी पुन्हा तो ताटाशेजारी हात टाकून बसलेला माणूस. तुला माहीताय ना?"

"माहीताय. पण तो माणूस माझा आहे," ती म्हणाली. "हा डावा हात बघ. हाही घड्या घालायला लागलाय. मग पाय. मग मी कुणाला जेवायला हाक मारायची?"

संध्याकाळची घंटा व्हायच्या आत ते निघाले. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. अन्सेल्मोनं आयुष्यात मैद्याची गाडी सोडून दुसरं काही चालवलं नव्हतं, पण उजवा हात गिअरवर असा पडला जणू तो तिथंच वाढलाय. रस्त्यावर पोरं ओरडली, "काका, आम्हाला पण!" अन्सेल्मो ओठ घट्ट मिटून समोर बघत होता. त्याच्या डोळ्यांत मात्र सायकलवरचा तो पोर होता, हे लुदिंगनं पाहिलं आणि तिला देवाचाच राग आला.

खानावळीत त्यांनी शेवयांचं सूप घेतलं. कुणी फारसं खाल्लं नाही. उठताना लुदिंग गाडीपाशी जाऊन उभी राहिली, दारावर हात ठेवून, आणि पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाली, "फर्मिनमामा, तुम्ही खूप केलंत. आता बसा इथं. आमचं घर लहान आहे."

पत्रा उन्हात तापलेला असायला हवा होता. तो थंड होता.

७

परतीच्या वाटेवर, पूल ओलांडायच्या आधीच, गिअर बदलायची वेळ आली आणि अन्सेल्मोचा हात दांड्यावरून घसरून मांडीवर पडला. तोंड उघडं पडलेल्या माशासारखा. त्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. गाडी कण्हत होती.

"गेला," तो म्हणाला.

लुदिंगला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी हुंदकाही आला. ती वाकली, त्याचा लुळा हात उचलून दांड्यावर ठेवला आणि त्यावर आपला डावा हात दाबला.

"सांग, कुठं ढकलू?"

"खाली. आता माझ्याकडे... अगं, माझ्याकडे! तू काय पोळी लाटतेयस?"

"मग नीट सांग ना, मेल्या!"

गिअर पडला. गाडी गुरगुरली आणि पुढं गेली. दोघं हसली, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तशीच. अंधारून आलं होतं. घराघरांतून प्रार्थनेचा आवाज येत होता. तिला वाटलं, झालं. असंच जाऊ. मी ढकलीन, हा सांगेल. इतकी वर्षं संसार वेगळा कुठं चालला होता?

पुलापलीकडे चढ लागला.

"आता?" तिनं विचारलं.

अन्सेल्मो सांगायच्या आत तिच्या हातावर वजन आलं. कोरडं, हाडकुळं, बोटांना बारीक खरखर असलेलं, पॉलिश पेपरची असते तशी. त्यानं तिच्या बोटांच्या फटींत आपली बोटं बसवली आणि न अडखळता, न खडखडता, लोण्यातून सुरी जावी तसा गिअर टाकला.

लुदिंगनं खाली पाहिलं नाही. हात काढून घ्यायचा, असं तिच्या मनात आलं. मनगटात तेवढं बळही आलं होतं. पण तेवढ्यात तिच्या तळव्याखाली, सगळ्यात खाली, अन्सेल्मोची करंगळी हलली. मग अंगठी घालायचं बोट. जीव धरणाऱ्या पाखरासारखं.

तिनं हात तसाच ठेवला.

"जमतंय तुला," अन्सेल्मो समोर बघत म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

तर बायांनो, लुदिंग अजून शुक्रवारी जाते. आपूची पेटी पुसून झाली की बाहेर फर्मिन लान्सांगानच्या नावानं एक मेणबत्ती लावते, कारण त्याला दुसरं कुणी लावणारं नाही. डावा हात ती हल्ली झग्याच्या खिशात ठेवते. तुम्हीही एखाद्या शुक्रवारी, आपल्या माणसासाठी लावाल तेव्हा, त्याच्यासाठी एक लावा. मोठ्यानं काही मागू नका. एवढंच म्हणा, सोडू नकोस बाबा, पण इतकं घट्टही धरू नकोस.